वरच्या मागच्या दाढेचं मऊ हाड: ड्रिल, ऑस्टिओटोम, डेन्सा की पिझो?

आधी तुझा प्रश्न मांडतो. खालच्या दाढांचे इम्प्लांट तुझे बरे बसतायत, पण वर मागे हात घातला की टॉर्कच (इम्प्लांट घट्ट बसताना लागणारा पिळाचा जोर) मिळत नाही, शेवटच्या दोन आट्यांना इम्प्लांट नुसताच फिरत राहतो. सेल्समन म्हणतोय डेन्सा बर (उलटं फिरवून हाड दाबणारं टोक) घ्या, जुने सर म्हणतायत ऑस्टिओटोम (हाड दाबत न्यायची हत्यारं) आणि हातोडी शिक, आणि कोर्सला गेलीस तिथं पिझोशिवाय (कंपनांनी हाड कापणारं मशीन) दुसरं बोलणंच नव्हतं. त्यात एक केस हातात आहे, 54 वर्षांच्या बाई, वरची उजवी पहिली दाढ काढून वर्ष झालंय, सायनसखाली (वरच्या दाढांवरची हवेची पोकळी) 6 मिमी हाड, रुंदी 8 च्या आसपास. आणि पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तर कशात घालू, हा तुझा प्रश्न. आपल्याच कॉलेजची निघालीस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

माझं मत आत्ताच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ह्या चारही पद्धतींनी इम्प्लांट टिकतात, वर्षभरानंतर एक्सरे बघून कुणालाही सांगता येणार नाही की भोक कशानं पाडलं होतं. फरक पडतो तो पहिल्या काही आठवड्यांत आणि तोही हाड कसलं आहे त्यावर. त्यामुळं किटची तुलना हाडाशिवाय करायला गेलं की नुसता गोंधळ होतो, आणि कंपन्यांना तो गोंधळ हवाच असतो.

अमेरिकन इम्प्लांट तज्ज्ञ मिश यांनी हाडाचे जे D1 ते D4 प्रकार केले ते परीक्षेला पाठ केलेस, आता हाताला आठव. D1 म्हणजे खालच्या जबड्याचा पुढचा भाग, ड्रिल घातलं की सागवानात चालल्यासारखं, आणि D4 म्हणजे वरची मागची बाजू, थर्माकोल. सीबीसीटीवर (जबड्याच्या 3D स्कॅनवर) दिसणाऱ्या ग्रे व्हॅल्यूवरून D3 की D4 ठरवू नकोस, त्या मशीनप्रमाणे बदलतात, मेडिकल सीटीच्या, घनता सांगणाऱ्या हाउन्सफिल्ड आकड्यांसारख्या त्या भरवशाच्या नसतात. पहिलं 2 मिमीचं ड्रिल आत जाताना हाताला जे कळतं ते खरं. हे पायलट ड्रिल फार न दाबता सरसर गेलं की तिथंच थांबायचं आणि पुढचा बेत बदलायचा. ही सवय एकही रुपया खर्च न करता लागते आणि तुझी अर्धी अडचण, मला वाटतं, इथंच आहे. खालच्या जबड्याचा सिक्वेन्स तू वर जसाच्या तसा चालवतेयस.

म्हणजे बघ, 4.2 मिमी व्यासाचा इम्प्लांट आहे आणि कंपनीच्या चार्टवर शेवटचं ड्रिल 3.6 चं दिलंय असं समज. D4 हाडात 3.6 पर्यंत गेलीस तर जे थोडंफार हाड होतं तेही सलाईनबरोबर सक्शनमध्ये गेलं. 2.8 किंवा फार तर 3.2 ला थांब, वरची पातळ कॉर्टिकल (कडक कवचासारखी) कड तेवढी मोकळी कर आणि टेपर (टोकाकडं निमुळत्या) इम्प्लांटलाच स्वतःची जागा करू दे. ह्याला अंडरप्रिपरेशन म्हणतात, बहुतेक कंपन्यांच्या चार्टमध्ये सॉफ्ट बोनचा वेगळा रकाना असतोच, पण तो खाली बारीक अक्षरात असतो आणि कुणी वाचत नाही. डेन्सा घ्यायच्या आधी हे करून बघ असं मी सगळ्यांना सांगतो.

आता साध्या ड्रिलबद्दल, कारण त्याला जुनं झालं म्हणणारे खूप भेटतील. 1965 मध्ये ब्रोनेमार्क यांनी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले तेव्हापासून जगातले बहुतेक इम्प्लांट ड्रिलनंच बसलेत. ड्रिलचा खरा शत्रू उष्णता. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी 1983 मध्ये सशांच्या हाडावर दाखवलं की 47 डिग्री तापमान एक मिनिट टिकलं की हाडाच्या भरून येण्यावर परिणाम व्हायला लागतो. 47 म्हणजे काही फार नाही गं, चहा ह्यापेक्षा गरम पितो आपण. D4 मध्ये ह्याची फार भीती नाही, ड्रिल तिथं घासतच नाही. पण D1 मध्ये, जिथं हाड कडक आणि रक्तपुरवठा कमी, तिथं बोथट ड्रिल घेऊन जोर लावला की आत भाजतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. इम्प्लांट मस्त 50 न्यूटन सेंटीमीटरच्या टॉर्कला बसतो, सगळे खूष, आणि दीड महिन्यानं पेशंट येतो की डॉक्टर हलतंय.

म्हणून ड्रिल किती वेळा वापरलं ह्याची नोंद ठेव. आपल्याकडं एक किट वर्षानुवर्षं ऑटोक्लेव्ह होत राहतं आणि विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही की 2.8 चं ड्रिल कधीचं आहे. असिस्टंटला एक वही दे, प्रत्येक सर्जरीनंतर रेघ मारायची, कंपनीनं सांगितलेला आकडा झाला की ड्रिल बाद. सलाईन फ्रीजमधलं घे, 800 ते 1000 आरपीएम, आत-बाहेर करत चाल, एका दमात तळ गाठू नकोस. गायडेड सर्जरी (आधी बनवलेल्या साच्यातून ड्रिल घालणं) करशील तेव्हा लक्षात ठेव की साच्यातल्या नळीमुळं, म्हणजे स्लीव्हमुळं, पाणी टोकापर्यंत नीट पोचत नाही, तिथं अजून जपून.

स्पेनमधल्या अनिटुआ यांनी नेमकं उलटं टोक पकडलं, 50 ते 150 आरपीएम इतक्या हळू ड्रिल फिरवायचं आणि पाणी घालायचंच नाही. वेग नसला की उष्णताही फार होत नाही आणि ड्रिलच्या खाचेत अडकलेलं हाड कोरडं, स्वच्छ हातात येतं, ते ग्राफ्ट म्हणून, म्हणजे कमी पडलेल्या जागी भरायला, वापरता येतं. मला ही पद्धत आवडते, पुढच्या दातांच्या जागी जिथं बाहेरच्या बाजूला थोडं हाड भरायचंच असतं तिथं मी करतो. वेळ जास्त जातो, पेशंट विचारतो मशीन बंद पडलं का.

ऑस्टिओटोमकडे येतो. 1994 मध्ये समर्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनी ही पद्धत मांडली, विचार असा की वरच्या जबड्यात हाड आधीच कमी आणि मऊ, मग ते काढून का टाकायचं, बाजूला आणि वर दाबू. गोल टप्प्याटप्प्यानं जाड होत जाणारी हत्यारं, हातोडीनं हळू ठोकत न्यायची, आणि सायनसचा तळ आतून उचलायचा. कल्पना उत्तम आणि सेट स्वस्त, आयुष्यभर टिकतो. पण मला स्वतःला आता हातोडी फारशी आवडत नाही, कारणं दोन आहेत. एक म्हणजे ठोकण्यानं स्पंजी हाडाच्या त्या बारीक जाळ्या नुसत्या दाबल्या जात नाहीत, मोडतातही, मग त्या मोडलेल्या जाळ्या आधी साफ व्हाव्या लागतात आणि त्यानंतर नवीन हाड येतं. सर्जरीच्या दिवशी टॉर्क छान मिळतो पण नंतरच्या आठवड्यांत स्टॅबिलिटी अपेक्षेपेक्षा जास्त घसरू शकते.

दुसरं कारण पेशंट. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या वरच्या जबड्यावर ठोकायचं म्हणजे आवाज थेट कवटीत जातो. त्यात डोकं मागे टेकवलेलं, आणि ठोके बसतायत, तर काहींच्या आतल्या कानातले ते बारीक खडे जागा सोडतात आणि खुर्चीवरून उठताना किंवा दुसऱ्या दिवशी कूस बदलताना घर गरगर फिरतं. बीपीपीव्ही म्हणतात ते हेच. धोकादायक नाही, कानाच्या डॉक्टरांनी एपली मॅन्युव्हर (डोकं ठरावीक पद्धतीनं वळवणं) केलं की बहुतेकांचं बरं होतं, पण आधी सांगितलेलं नसेल तर पेशंटला वाटतं डॉक्टरनी डोक्याला काहीतरी केलं. ऑस्टिओटोम वापरणार असशील तर हे संमतीपत्रात लिही आणि तोंडानंही सांग, आणि आधीच चक्करचा त्रास असलेल्यांना ठोकूच नकोस.

आता डेन्सा, कारण तुझे पैसे जायचे असतील तर मला वाटतं तिकडे जातील. मिशिगनचे हुवाइस यांनी हे बर काढले आणि ह्या प्रकाराला ऑसिओडेन्सिफिकेशन नाव दिलं. युक्ती दिशेत आहे. बर उजवीकडं फिरवला की साध्या ड्रिलसारखा कापतो, उलटा फिरवला की त्याच्या धारा कापत नाहीत, हाड बाजूला दाबत चोपत जातात, आणि निघालेला चुरा खालच्या बाजूला आणि भिंतीत दाबला जातो. वेग 800 ते 1500, पाणी भरपूर, आणि हात सतत वरखाली. हे वरखाली महत्त्वाचं आहे, वर उचलल्यावर पाणी आत जातं आणि खाली दाबल्यावर तेच पाणी दाबानं बाजूच्या हाडात शिरतं, कोरडं फिरवलं किंवा एकाच जागी दाबून धरलं की फायदा गेला आणि हाड तापलं. 2017 मध्ये हुवाइस आणि मायर यांनी डुकराच्या हाडावर मोजून दाखवलं की साध्या ड्रिलिंगपेक्षा इन्सर्शन टॉर्क वाढतो आणि हाड इम्प्लांटला जास्त जागी टेकतं. संशोधक स्वतःच बर बनवणारे आहेत हे डोक्यात ठेवून वाच, पण नंतर इतरांनी केलेल्या कामातही मऊ हाडात टॉर्क वाढतो हे येत राहिलंय आणि माझ्या हातालाही ते जाणवतं.

हाडाला थोडी लवचीकता असते, दाबून सोडलं की ते परत आत यायला बघतं, त्यामुळं बर बाहेर काढल्यावर इम्प्लांट पटकन बसव, फोन घेऊ नकोस मध्येच. आणि मापाचा हिशोब नीट ठेव. वरच्या मऊ हाडात शेवटच्या बरचा सरासरी व्यास इम्प्लांटच्या सरासरी व्यासापेक्षा 0.5 ते 0.8 मिमी कमी, खाली कडक हाडात 0.2 ते 0.5 कमी. खाली जाऊनही वरचंच माप ठेवलं तर कॉर्टिकल हाडावर इतका ताण येतो की कड मरते आणि पहिल्या काही महिन्यांत तिथंच हाड उतरतं. मला विचारशील तर D1 मध्ये उलटं फिरवायची गरजच काय, तिथं दाबायला जागाच नाही. कंपनी त्यासाठीही प्रोटोकॉल देते, आधी उजवीकडं फिरवून कापा मग उलटं फिरवून चोपा, पण खालच्या पुढच्या भागात मी साधं धारदार ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरून मोकळा होतो.

अजून दोन अटी. रिज (दात गेल्यावर उरलेला हाडाचा कणा) रुंद करायला म्हणून वापरणार असशील तर आत कमीत कमी 2 मिमी स्पंजी हाड पाहिजे, दोन्ही कॉर्टिकल भिंती एकमेकींना चिकटल्या असतील तर फुलणार काय, बाहेरची भिंत तडकेल. आणि आधी गाईच्या हाडाचा ग्राफ्ट घालून भरलेली जागा असेल तर तिथं डेन्सिफाय करू नकोस, ते दाणे दाबले जात नाहीत.

पिझो वेगळ्याच घरातलं आहे. इटलीच्या वेरचेलोट्टी यांनी ते दातांच्या सर्जरीत आणलं, 24 ते 30 किलोहर्ट्झच्या आसपासची कंपनं, टोक साधारण 60 ते 200 मायक्रॉनच हलतं, त्यामुळं खनिज असलेलं कडक हाड कापलं जातं आणि मेम्ब्रेन (सायनसचं पातळ अस्तर) किंवा नस लगेच फाटत नाही. लगेच म्हटलं, कधीच नाही असं म्हटलं नाही, टोक तिथंच घासत बसलीस तर फाटेलच. सायनसची बाजूनं खिडकी करायला, सुरीसारखी धारदार रिज मधून चिरायला, नसेच्या जवळ काम करायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. इम्प्लांटचं भोक करायलाही टिप मिळतात आणि काही क्लिनिकल अभ्यासांत पिझोनं केलेल्या जागी सुरुवातीच्या आठवड्यांत स्टॅबिलिटी कमी घसरली आणि लवकर सावरली असं दिसलंय. पण वेळ खातं, आणि ड्रिलची सवय असलेल्यांचा हात दाबतो, दाबलं की कंपनं थांबतात आणि नुसती उष्णता होते. पेसमेकर असलेल्या पेशंटला वापरायच्या आधी कार्डिओलॉजिस्टला फोन कर. आणि मुख्य म्हणजे तुझी अडचण मऊ हाडात पकड मिळत नाही ही आहे, पिझोही शेवटी हाड काढणारंच हत्यार आहे, हाड घट्ट करणारं नाही. महाग मशीन घेऊन मूळ दुखणं तसंच राहील.

पकड पकड करतोय तर ती किती हवी तेही सांगतो. इम्प्लांट आणि हाड ह्यांच्यातली हालचाल 50 ते 150 मायक्रॉनच्या वर गेली की हाडाऐवजी तंतूंची गादी तयार होते, म्हणून सुरुवातीला पकड लागते. त्याच दिवशी दात लावायचा असेल तर 35 न्यूटन सेंटीमीटर आणि आयएसक्यू (इम्प्लांटची स्थिरता मोजणारा आकडा) 70 च्या आसपास बघ. पण कव्हर स्क्रू लावून हिरडी शिवून टाकणार असशील तर 15-20 वरही इम्प्लांट जुळतो, फक्त जागचा हलता कामा नये आणि पेशंटनं त्यावर दाबणारी काढती कवळी घालता कामा नये. नवीन मुलांचं हे बघतो मी, 35 चा आकडा आला नाही की कासावीस होतात आणि मग जाड इम्प्लांट, मग अजून जाड, असं करत बाहेरची भिंत घालवतात.

आता तुझी केस. 6 मिमी उंची आणि 8 मिमी रुंदी ही आतून उचलायला चांगली जागा आहे, बाजूची खिडकी लागणार नाही. 8 मिमी लांबीचा 4.5 च्या आसपासचा टेपर इम्प्लांट, म्हणजे 2 ते 3 मिमी उचलायचंय. स्कॅनमध्ये आधी तळ सपाट आहे की तिरका ते बघ, मध्ये सेप्टम (हाडाचा पडदा) आहे का, मेम्ब्रेन सुजलीय का, सायनसचं तोंड उघडं आहे का. बाईंना सध्या सर्दी असेल तर तारीख पुढं ढकल, त्यात काही कमीपणा नाही.

डेन्सानं करणार असशील तर पायलट ड्रिल तळाच्या 1 मिमी खाली थांबव, म्हणजे 5 मिमीवर, आणि लगेच एक एक्सरे काढून खात्री कर कारण इथून पुढं अंदाज चालत नाही. मग 2 चा बर उलटा त्याच खोलीपर्यंत, मग 3 चा उलटा, तो तळाला टेकला की हाताला ठसका जाणवतो, तिथून एकेक मिलिमीटर पुढं, वरखाली करत, एकूण 3 मिमीच्या वर नाही. त्याच खोलीला पुढचे बर. ग्राफ्ट घालायचा असेल तर थोडा ओलसर ग्राफ्ट टाकून पाणी बंद, 150 ते 200 आरपीएमवर उलटं फिरवून वर ढकल, पण 2 मिमीसाठी मी बहुतेक वेळा घालत नाही. मेम्ब्रेन फाटल्याची शंका आली तर दाणेदार ग्राफ्ट अजिबात ढकलू नकोस, ते सायनसमध्ये सांडतात आणि मग खरी कटकट सुरू होते. कोलॅजन ठेव, 6 मिमीत बसेल असा आखूड इम्प्लांट घाल किंवा शिवून बाहेर ये आणि काही महिन्यांनी परत कर.

बाईंना घरी पाठवताना नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं हे तू सांगशीलच. कपालभाती, जलनेती आणि शंख वाजवणं हे मुद्दाम नाव घेऊन बंद कर, नुसतं नाकावर जोर देऊ नका म्हटलं की योगा त्यात येतो असं कुणालाच वाटत नाही. इम्प्लांट उघडायला चार ते सहा महिने दे.

एक अडचण तू लिहिली नाहीस पण आपल्या भागात ती येणारच. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे आणि तरी तोंड न उघडणारे पेशंट रोज येतात. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये (तोंडाचं अस्तर कडक होऊन आखडण्याचा आजार) तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर हँडपीसमध्ये लांब डेन्सा बर लावून दुसऱ्या दाढेपर्यंत पोचताच येत नाही, सरळ ऑस्टिओटोमही नाही. तिथं वाकडे ऑफसेट ऑस्टिओटोम किंवा पिझोची वाकडी टिप थोडी जागा देतात, पण खरं तर अशा पेशंटला मागे इम्प्लांट द्यायचाच का हा प्रश्न आधी सोडवायचा, कारण नंतर इम्प्रेशन आणि कॅपसुद्धा त्याच तोंडातून आत जायचंय, आणि तंबाखू चालू असेल तर हिरडी साथ देत नाही ते वेगळंच.

तर खरेदीचं असं. आधी जुनी ड्रिल बदल आणि पुढच्या वरच्या केसेस अंडरप्रिपरेशननं कर. तरीही पकड कमी पडतेय असं वाटलं तर डेन्सा घे, पूर्ण किट नको, तुझ्या सिस्टमच्या मापाला लागतील तेवढे बर सुटे मिळत असतील तर तसे घे, आणि पेशंटवर लावायच्या आधी डुकराच्या नाहीतर बकऱ्याच्या हाडावर हात बसव, खाटकाकडं मिळतं. ऑस्टिओटोमचा साधा सेट कपाटात असू दे. पिझो लागेल अशी खिडकीची किंवा रिज चिरायची केस आली तर व्हिजिटिंग सर्जनला बोलाव, त्यांच्यातले बरेच जण आपलं मशीन घेऊनच येतात, शेजारी उभी राहून बघ म्हणजे ते घ्यायचं की नाही तुझं तुलाच कळेल. बाईंच्या स्कॅनमध्ये तळ तिरका निघाला तर मात्र भोक पाडायच्या आधी मला कळव, तिरक्या तळाला बर एका बाजूनं आधी टेकतो आणि तिथं बेत थोडा बदलावा लागतो.